एक मिलिलिटरचा आकडा

शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकांत एक विधान वर्षानुवर्षे भेटते : उदरपोकळीत मोकळा झालेला अवघा १ मिलिलिटर वायूही क्ष-किरण चित्रात दिसू शकतो. म्हणजे औषधाच्या चमच्याचा पाचवा भाग! विधान खोटे नाही. मिलर आणि नेल्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ते आले आहे. आमची तक्रार आहे ती हा आकडा पुढे कसा पोचवला जातो, याबद्दल.

जठरातला व्रण फुटला की आतली हवा उदरपोकळीत शिरते आणि सर्वांत उंच जागा गाठते. या संशोधकांनी माणसाला आधी दहा-वीस मिनिटे डाव्या कुशीवर निजवले, मग उभे केले. त्यामुळे हवेला आधी उजवीकडे यकृताशी आणि नंतर श्वासपटलाखाली जमायला सवड मिळाली. किरणही आडवे सोडले होते. एवढी तयारी केली तेव्हा १ मिलिलिटर दिसला. पुस्तकात यातले उरते काय? आकडा.

आडव्या किरणांचे महत्त्व वर्गात सहज दाखवता येईल. पारदर्शक चपटी बाटली पाण्याने जवळजवळ भरा, बूच घट्ट लावा आणि बाटली आडवी ठेवा. हवेचा बुडबुडा वर पसरट होतो. वरून येणाऱ्या किरणाला त्यात काही मिलिमीटरच हवा लागेल. बाजूने येणाऱ्याला काही सेंटिमीटर. वाटेत हवा जितकी जास्त, तितका चित्रातला फरक ठळक.

आता वेदनेने तळमळणारा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. त्याला उभे राहवत नाही, म्हणून उताणे निजवूनच चित्र काढतात. हवा पोटाच्या पुढच्या भिंतीखाली पसरते आणि किरण वरून येतात. अशा चित्रासाठी मिनेसोटा विद्यापीठातील लिओ रिगलर यांनी १९४१ साली एक सुंदर खूण सांगितली. आतड्याच्या आत हवा असतेच. बाहेरही आली, तर भिंतीच्या दोन्ही कडा दिसतात. पण त्यासाठी बरीच हवा लागते. तेव्हा अशा रुग्णाचे चित्र 'स्वच्छ' आले म्हणून छिद्र नाही असे मानणे धोक्याचे आहे. एक मिलिलिटरच्या भरवशावर तर मुळीच नको. शंका उरली तर सीटी स्कॅन करावा. त्यात याहून बारीक बुडबुडे सापडतात.

पशुवैद्यांना हा विसर परवडत नाही. कुत्र्याला दोन पायांवर उभे करून चित्र काढायची सोय नाही, म्हणून ते त्याला डाव्या कुशीवर निजवून किरण आडवे सोडतात. डावीच कूस का? जठराचा हवा साठणारा फुगीर भाग डावीकडे असतो. तो खाली गेला की मोकळी हवा वर, उजवीकडे जमते आणि दोहोंची गल्लत होत नाही. शिवाय पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यात हवा कित्येक दिवस, कधी काही आठवडेही टिकते. तेव्हा चित्राचा अर्थ लावण्याआधी मालकाला विचारावे लागते : याचे पोट अलीकडे उघडले होते का?