'मेमरीज ऑफ मर्डर' : खुनी सापडला नाही म्हणून सिनेमा अपुरा?



बोंग जून-हो यांचा २००३ चा हा कोरियन सिनेमा पाहिला की प्रेक्षकांची मतं साधारण दोन ठिकाणी जाऊन थांबतात. काही म्हणतात, "शेवटच नाही, फसवलं." काही म्हणतात, "खुनी तोच पोरगा, पार्क ह्यॉन-ग्यू. अमेरिकेचा डीएनए रिपोर्टच चुकीचा." मला दुसरं मत जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण संशोधनात पडणाऱ्या प्रत्येकाला या मोहातून जावं लागतं.

त्या पोराविरुद्ध आहे काय? पावसाच्या रात्री रेडिओवर तो एका गाण्याची फर्माईश करतो. त्याचे हात मऊ आहेत. चेहरा थंड आहे. पण गाणं मागणारा आणि खुनी एकच, हेसुद्धा पोलिसांचं गृहीतकच! एका गृहीतकावर दुसरं रचत गेलो की इमारत उंच दिसते, पाया मात्र तपासलेला नसतो.

सो ते-युन हा सोलहून आलेला अधिकारी सुरुवातीपासून सांगतो की कागद खोटं बोलत नाहीत. रिपोर्ट त्याच्या बाजूने येत नाही, तेव्हा तोच कागदाला खोटं ठरवतो आणि पिस्तूल काढतो. पार्क दू-मान तर डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखणारा. बुटाचा ठसा नसेल तर स्वतः उमटवणारा. सुरुवातीला आपण दू-मानला हसतो. शेवटी बोगद्यासमोर सोबरोबर आपणही "मार त्याला" म्हणत असतो. बोंग यांचं खरं यश हे आहे. म्हणून शेवट अपुरा नाही, तो मुद्दाम उघडा ठेवलेला आहे.

आता प्रत्यक्षात काय झालं ते पाहू. ह्वासोंग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात १० खून झाले. २०१९ मध्ये डीएनएवरून ली चुन-जे याचं नाव पुढे आलं. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. पोलीस बी रक्तगटाचा माणूस शोधत होते, ली निघाला ओ रक्तगटाचा! म्हणजे चाळणीच चुकीची, मग त्यातून कितीही नावं गाळा.

याची किंमत दुसऱ्याच माणसाने दिली. आठव्या खुनासाठी एका तरुणाकडून जबरदस्तीने कबुली घेतली गेली, केसांच्या तपासणीचा सदोष अहवाल जोडीला होताच. सुमारे २० वर्षं तो तुरुंगात राहिला. निर्दोष ठरला डिसेंबर २०२० मध्ये.

माझी तक्रार इथेच आहे. सिनेमातली मारहाण पूर्वार्धात विनोदी वाटते. वळ उठू नयेत म्हणून बुटाला कापड गुंडाळून लाथ मारणारा पोलीस, मग आरोपीबरोबरच टीव्ही बघत जेवणं... थिएटर हसतं. बोंग पुढे तो विनोद गळ्यात अडकवतात हे खरं, पण मार खाणाऱ्याचं नंतर काय होतं, तिथे कॅमेरा फारसा थांबत नाही.

तरी हा सिनेमा नक्की बघा. बघताना एक करा : प्रत्येक संशयिताजवळ वही थांबवून लिहा, "काय दिसलं तर मी याला निर्दोष मानेन?" उत्तर लिहिता आलं नाही, तर तुमच्याकडे गृहीतक नाही, फक्त राग आहे.

तुमचं मत कमेंटमध्ये जरूर कळवा.