मन भटकले की दुःखी होते?

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांचा एक छोटासा शोधलेख २०१० साली 'सायन्स' साप्ताहिकात आला. भटकणारे मन हे दुःखी मन, असे त्याचे शीर्षकच सांगते. तासाला खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाला दटावायला हे वाक्य फार सोयीचे आहे. म्हणूनच आपण शिक्षकांनी ते तपासून घ्यायला हवे.

पद्धत साधी होती. आयफोनवर ध्यानीमनी नसताना प्रश्न यायचे: आत्ता काय करता आहात, कसे वाटते आहे, हातातल्या कामाखेरीज दुसरा काही विचार चालू आहे का? २,२५० प्रौढांनी उत्तरे दिली. ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडेच होते. प्रयोगशाळा सोडून रोजच्या धबडग्यात हे मोजले, याबद्दल लेखकांना दाद द्यायलाच हवी.

आमचे भांडण शीर्षकाशी आहे. मन एखाद्या सुखद विषयाकडे गेले असेल, तेव्हा माणसे कामात लक्ष असतानाइतकीच आनंदी होती, असे याच लेखातले आकडे सांगतात. आणि अशा सुखद भटकंतीचे प्रमाण थोडेथोडके नव्हे, ४२.५ टक्के! आनंद कमी झाला तो मन अप्रिय किंवा ना सुखाच्या ना दुःखाच्या विषयाकडे गेले तेव्हा. म्हणजे प्रश्न भटकण्याचा कमी आणि कुठे भटकले याचा जास्त. शीर्षकात नेमका हाच भेद गळाला आहे.

लेखाच्या सुरुवातीला मेंदूचा हवाला आहे, पण मेंदूचे मोजमाप त्यात नाही. ते इतरांनी केले. मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले, की मेंदूचे काही भाग आपण स्वस्थ असताना जास्त काम करतात आणि बाहेरचे काम हाती घेतले की मंदावतात. (वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, आणि गणित सोडवायला घेतले म्हणून तो खर्च फारसा वाढत नाही!) पुढे २००९ मध्ये कॅलिना क्रिस्टॉफ यांच्या गटाने कंटाळवाणे काम करणाऱ्यांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले. मन भटकले असताना हे स्वस्थपणी जागणारे भाग तर सक्रिय होतेच, पण नियोजन आणि नियंत्रण करणारे भागही सक्रिय होते. आपले मन भटकले आहे याची त्या व्यक्तीला जाणीव नसताना तर अधिकच. तेव्हा मुलाचा मेंदू 'बंद' आहे, हे म्हणणे टिकत नाही. धडा मात्र निसटतो, तो निसटतोच.

आणखी एक. उत्तरे देणारे सगळे आयफोनवाले, जवळजवळ तीन चतुर्थांश अमेरिकेतले, सरासरी वय ३४. शाळकरी मूल एकही नाही. आपल्या वर्गाचे मोजमाप आपणच करून पाहावे. तास चालू असताना मध्येच थांबावे आणि मन आत्ता कुठे होते हे मुलांना चिठ्ठीवर एका शब्दात लिहायला सांगावे. चिठ्ठीवर नाव मात्र नको.