कोणाला किती मिनिटं? अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आणि टीव्हीच्या बातम्या

आजचा विषय वरवर पाहता साध्या हिशेबाचा आहे. टीव्हीच्या बातम्यांत कोणत्या उमेदवाराला किती वेळ मिळाला, एवढाच. पण हा हिशेब नीट मांडला की लक्षात येतं, मतदार मतपेटीपाशी पोहोचतो त्याच्या कितीतरी आधी त्याच्यासमोरचं ताट कोणीतरी वाढून ठेवलेलं असतं. त्यात काय वाढलं याची चर्चा भरपूर होते. काय वाढलंच नाही, याकडे मात्र कोणी बघत नाही. आज आपण तिकडे बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपल्याकडे राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात, त्यामुळे त्या निवडणुकीचा घरोघरी प्रचार नसतो. अमेरिकेत अध्यक्षपदाची लढाई प्रत्यक्ष मतदानाच्या वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होते. आधी पक्षांतर्गत निवडणुका, ज्यांना तिथे प्रायमरी म्हणतात, आणि मग नोव्हेंबरची मुख्य लढत. प्रायमरीच्या आधीचा जो लांबलचक काळ असतो, त्यात बहुतेक मतदारांना बहुतेक उमेदवार माहीतच नसतात. म्हणून टीव्हीचं वजन सगळ्यात जास्त याच काळात असतं. आपण २०१५-१६ चं उदाहरण घेऊ, कारण त्याचे आकडे चांगले नोंदलेले आहेत.

अँड्रू टिंडल नावाचे एक अभ्यासक आहेत. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन मोठ्या वाहिन्यांच्या रोज संध्याकाळच्या बातम्या घड्याळ लावून मोजायच्या, हे काम त्यांनी अनेक वर्षं केलं. त्यांच्या मोजणीनुसार २०१५ या पूर्ण वर्षात या तीन बातमीपत्रांनी निवडणुकीला मिळून १,०३१ मिनिटं दिली. त्यातली ३२७ एकट्या डोनाल्ड ट्रम्प यांना. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराला १२१, जेब बुश यांना ५७. आणि बर्नी सँडर्स यांना? २० मिनिटं. तीन वाहिन्या, बारा महिने, मिळून वीस मिनिटं. एबीसीचं तर त्या डिसेंबरात फारच हसं झालं. टिंडल यांच्याच नोंदींवरून मीडिया मॅटर्स या संस्थेने दाखवून दिलं, की नोव्हेंबरअखेरपर्यंत या वाहिनीच्या मुख्य बातमीपत्रात ट्रम्प यांना ८१ मिनिटं मिळाली होती आणि सँडर्स यांना सुमारे २० सेकंद.

आता यावरचा पहिला बचाव आपण ऐकून घेऊ, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. वाहिन्या म्हणतात, ट्रम्प आघाडीवर होते, आघाडीवरच्या माणसाची बातमी होणारच. ठीक. पण मग हाच नियम दुसरीकडे लावून बघा. २०१५ संपताना ट्रम्प यांना रिपब्लिकन मतदारांत आणि सँडर्स यांना डेमोक्रॅटिक मतदारांत जो राष्ट्रीय पाठिंबा होता, तो दोघांच्या बाबतीत साधारण तीस टक्क्यांच्या आसपास होता. ऑगस्टमध्ये पोर्टलंडला सँडर्स यांच्या सभेला वीस हजारांच्या वर लोक आले होते. तेव्हा सोळापट फरक पाठिंब्यातून आला असं म्हणता येत नाही. आघाडी हे कारण धरलं, तर क्लिंटन यांचं काय? त्या आपल्या पक्षात पहिल्यापासून आघाडीवर होत्या. त्यांना ट्रम्प यांच्या निम्मासुद्धा वेळ मिळाला नाही.

शिवाय या बचावात एक चक्र लपलेलं आहे. चाचणीत पुढे म्हणून टीव्हीवर जास्त, आणि टीव्हीवर जास्त म्हणून पुढच्या चाचणीत पुढे. ६ ऑगस्ट २०१५ ला फॉक्स न्यूजवर रिपब्लिकन पक्षाचा पहिला वादविवाद झाला. उमेदवार सतरा. पाच राष्ट्रीय चाचण्यांची सरासरी काढून वरचे दहा रात्रीच्या मुख्य मंचावर घेतले, उरलेल्या सात जणांना संध्याकाळच्या वेगळ्या कार्यक्रमात बसवलं. रात्रीचा कार्यक्रम सुमारे २ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला, संध्याकाळचा त्याच्या एका लहानशा हिश्श्याइतक्याच लोकांनी. आता सांगा, दहाव्या आणि अकराव्या उमेदवारात चाचणीतला फरक किती? बरेचदा चाचणीच्या चुकीच्या मर्यादेतला. पण दिसण्यातला फरक कोटींचा. मोजपट्टी म्हणून आणलेली चाचणी इथे चाळणी होऊन बसली.

दुसरा बचाव असा, की ट्रम्प यांच्यावरच्या बातम्या टीकेच्या होत्या, त्यात पक्षपात कुठला? मुख्य लढतीच्या काळात हे खरंच होतं. हार्वर्डच्या थॉमस पॅटरसन यांच्या अभ्यासात ट्रम्प यांच्यावरच्या ७७ टक्के आणि क्लिंटन यांच्यावरच्या ६४ टक्के बातम्यांचा सूर नकारात्मक निघाला. पण त्यांनीच २०१५ च्या काळाचाही अभ्यास केला, आणि त्या वर्षात ट्रम्प यांच्याबद्दलचा सूर एकंदरीत अनुकूल होता असं त्यांना आढळलं. कारण तेव्हा बातमी त्यांच्या धोरणांची नव्हती, त्यांच्या वाढत्या आकड्यांची होती. गर्दी जमतेय, आकडा चढतोय, या बातमीला सूर आपोआपच कौतुकाचा येतो. आणि टीकेचंही एक आहे, बातमीपत्र तेवढ्याच वेळाचं असतं. एकाला शिव्या देण्यात दहा मिनिटं गेली, तरी ती दहा मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची गेलेली असतात.

याचा कळस १५ मार्च २०१६ च्या रात्री दिसला. पाच मोठ्या राज्यांत मतदान झालं होतं. सगळे उमेदवार भाषणं करत होते. सँडर्स ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये हजारो लोकांसमोर बोलत होते. त्या वेळी सीएनएन, फॉक्स आणि एमएसएनबीसी या तिन्ही वृत्तवाहिन्यांवर चर्चा आणि अंदाज चालू होते, फ्लोरिडात ट्रम्प कधी येणार याची वाट पाहणं चालू होतं. तिथलं रिकामं पोडियम पडद्यावर दिसत होतं. ट्रम्प आले तेव्हा त्यांचं भाषण थेट दाखवलं गेलं. सँडर्स यांचं नाही. एक माणूस बोलतोय तो दिसत नाही, आणि दुसरा अजून आलेलाही नाही तर त्याची रिकामी जागा दिसते. आमच्या मते असमान वार्तांकनाचं याहून नेमकं चित्र दुसरं नाही.

असं का झालं? कट होता का? आम्हाला कटाची गरज वाटत नाही, हिशेब पुरेसा आहे. थेट सभा दाखवायला खर्च कमी आणि प्रेक्षक जास्त. फेब्रुवारी २०१६ मध्ये सीबीएसचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनवेस गुंतवणूकदारांच्या एका परिषदेत उघडपणे म्हणाले, की हे सगळं अमेरिकेसाठी चांगलं नसेलही, पण सीबीएससाठी फारच चांगलं आहे. याच सुमारास न्यूयॉर्क टाइम्सने मीडियाक्वांट या कंपनीचा अंदाज छापला. ट्रम्प यांना तोवर मिळालेल्या फुकट प्रसिद्धीची किंमत जवळजवळ २ अब्ज डॉलर, तर जाहिरातींवर त्यांचा स्वतःचा खर्च सुमारे १ कोटी डॉलर. सँडर्स यांची फुकट प्रसिद्धी सुमारे ३२ कोटींची. जेब बुश यांच्या बाजूने जाहिरातींवर ८ कोटींहून अधिक उधळले गेले आणि ते स्पर्धेतून बाहेरही पडले. पुढे ऑक्टोबरमध्ये सीएनएनचे जेफ झकर यांनी हार्वर्डमध्ये मान्य केलं, की सुरुवातीच्या महिन्यांत त्या सभा जरा जास्तच दाखवल्या गेल्या. तेव्हा प्रायमरी संपून चार महिने झाले होते.

तुम्ही म्हणाल, कायदा काही नाही का? आहे, आणि त्याची गंमतच आहे. १९३४ च्या दळणवळण कायद्याचं कलम ३१५ सांगतं, की एका उमेदवाराला प्रसारणात वेळ दिला तर इतरांनाही तशी संधी द्या. १९५९ मध्ये शिकागोत लार डेली नावाचा एक हौशी उमेदवार होता. अंकल सॅमचा पोशाख घालून फिरायचा. महापौर बातम्यांत दिसले, मग मलाही वेळ द्या, अशी तक्रार त्याने केली आणि आयोगाने ती मान्य केली. वाहिन्या हादरल्या. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून बातम्या, मुलाखती आणि घटनास्थळावरचं थेट प्रसारण यांना या कलमातून वगळलं.

परिणाम बघा. नोव्हेंबर २०१५ मध्ये ट्रम्प 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात सुमारे बारा मिनिटं दिसले. इतर काही रिपब्लिकन उमेदवारांनी मागणी केली आणि एनबीसीला त्यांना तेवढा वेळ द्यावा लागला. म्हणजे विनोदाची बारा मिनिटं भरून द्यावी लागतात, बातम्यांची तीनशे मिनिटं नाहीत.

पण म्हणून बातम्यांनाही ते कलम लावा, असं आम्ही म्हणत नाही. २०१६ च्या निवडणुकीसाठी सतराशेहून अधिक लोकांनी अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून नोंदणी केली होती. सगळ्यांना समान मिनिटं दिली तर बातम्याच उरणार नाहीत. सरकारने संपादकाच्या डोक्यावर घड्याळ घेऊन बसणं हा उपाय रोगापेक्षा वाईट. आणखी एक मान्य करायला हवं. टीव्हीने दुर्लक्ष करूनही सँडर्स यांना प्रायमरीत एक कोटी तीस लाखांच्या आसपास मतं मिळाली. तेव्हा टीव्ही म्हणेल तोच जिंकतो, असं सरसकट विधानही टिकत नाही.

मग बिघडलं काय? बिघडलं ते प्रश्नांचं. उमेदवार पडद्यावरून गेला की तो जे प्रश्न मांडत होता तेही जातात. टिंडल यांनीच मोजलेलं आहे : या तीन बातमीपत्रांनी उमेदवारांच्या धोरणांवर स्वतंत्रपणे २००८ मध्ये २२० मिनिटं दिली होती, २०१२ मध्ये ११४, आणि २०१६ मध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत फक्त ३२. त्याच काळात क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणाला १००. आरोग्यविमा, हवामान, व्यापार, ज्यांच्यावर लोकांचं पुढचं आयुष्य ठरणार, अशा विषयांना या बत्तीस मिनिटांत जागाच मिळाली नाही. जिंकणारा कोण होता यापेक्षा हे नुकसान मोठं आहे, कारण ते दोन्ही बाजूंच्या मतदारांचं आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोणाला किती वेळ दिला, हे प्रत्येक वाहिनीने दर आठवड्याला स्वतःहून जाहीर करावं. कोणाचीही सभा सबंध आणि विनासंपादन दाखवू नये. दाखवायचीच, तर प्रतिस्पर्ध्याचीही दाखवावी. आणि ज्याला वगळलं, त्याला का वगळलं याचं उत्तर संपादकाने देता आलं पाहिजे. 'लोकांना तेच बघायचं असतं' हे उत्तर चालणार नाही, कारण जे दाखवलंच नाही ते लोकांना बघायचं होतं की नाही, हे कळणार कसं?

अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक मराठी लोक तिथे मतदान करतात, आणि ही व्याख्यानं ऐकणाऱ्यांतही असे काही असतील. त्यांनी आणि आपण सगळ्यांनीच एक आठवडा करून बघावं. संध्याकाळच्या बातम्या लावा, जवळ वही ठेवा, नाव आणि मिनिटं लिहा. आठवड्याच्या शेवटी उमेदवारांची पूर्ण यादी काढा आणि आपल्या वहीत कोणाचं नाव एकदाही आलं नाही ते बघा. प्रश्न तिथून विचारायला लागू.