फाटक कोणाला अडवते?

विमानतळाच्या दाराशी जवान तिकीट आणि ओळखपत्र तपासतो, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. आता त्याच्या शेजारी काचेच्या झडपांचे फाटक उभे असते. बोर्डिंग पासवरचा बारकोड दाखवायचा, कॅमेऱ्याकडे पाहायचे; चेहरा जुळला की झडपा उघडतात. ‘डिजियात्रा’ नावाची ही सोय १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी येथे सुरू झाली व २०२३ मध्ये पुणे आणि मुंबईतही आली. अशा फाटकांची वाखाणणी सहसा सेकंदांत होते: इतक्या सेकंदांत प्रवेश! आमची तक्रार सेकंदांबद्दल नाही. फाटकाच्या रचनेत दडलेल्या, पण फलकावर न लिहिल्या जाणाऱ्या आणखी एका आकड्याबद्दल ती आहे.

तो समजून घ्यायला वर्गातील पट्टी पुरते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या वसाहतीत प्रवेश देताना हाताच्या आकाराचे मापन वापरले होते. त्याचीच छोटी आवृत्ती आपण करू. प्रत्येक विद्यार्थ्याच्या उजव्या तर्जनीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. दुसऱ्या दिवशी, पहिले माप न पाहता, दुसऱ्या कोणाकडून ती पुन्हा मोजून घ्या. पट्टी कोठे टेकवली, बोट किती ताणले, यांमुळे एकाच बोटाची दोन मापे बरेचदा तंतोतंत जुळणार नाहीत. ‘माप जुळले तरच प्रवेश’ असा नियम केला, तर आपलीच कित्येक मुले दाराबाहेर राहतील. म्हणून थोडी तफावत चालवून घ्यावी लागते, समजा दोन मिलिमीटर. आता मुले आत येतात, पण सुमनच्या नावावर शेजारची लताही येते, कारण दोघींच्या बोटांत एकाच मिलिमीटरचा फरक! मर्यादा वाढवा, तोतये वाढतील. कमी करा, खरी माणसे अडतील. मापन सुधारले तर दोन्ही चुका कमी होतात, पण शून्य होत नाहीत. या मर्यादेला उंबरठा म्हणतात. तो कोठे ठेवायचा हे माणूस ठरवतो, यंत्र नव्हे.

उंबरठा किंचित सरकला तर किती फरक पडतो? जॉन डॉगमन यांच्या पद्धतीत बुबुळावरील नक्षीचा २०४८ बिटांचा संकेत बनतो. परक्या दोन डोळ्यांचे संकेत ताडले, तर सुमारे निम्मी बिटे वेगळी निघतात. डॉगमन यांच्याच आकडेमोडीनुसार ३२ टक्के तफावतीपर्यंत ‘जुळले’ म्हटले, तर सुमारे २ कोटी ६० लाख तुलनांत एक जुळणी चुकीची ठरते. ३५ टक्क्यांपर्यंत गेलो, तर १ लाख ३३ हजारांत एक. उंबरठा तीन टक्के सरकला आणि चूक जवळजवळ दोनशे पट वाढली.

शिवाय फाटक कोणता प्रश्न विचारते, हेही पाहावे लागते. बोर्डिंग पास दाखवला की प्रश्न असतो, ‘ही तीच व्यक्ती का?’ काहीच न दाखवता चालत जायचे म्हटले, की प्रश्न होतो, ‘यादीतील ही कोण?’ चुकीची जुळणी दहा हजार तुलनांत एकदा होते असे माना. पहिल्या प्रश्नात तोतयाला एकच संधी आहे. यादीत पाच हजार माणसे असतील तर दुसऱ्या प्रश्नात त्याला पाच हजार संधी मिळतात, आणि कोणाशी तरी चेहरा जुळण्याची शक्यता ३९ टक्के होते. (१ मधून ०.९९९९ चा पाच हजारावा घात वजा करा. अकरावीच्या मुलांना हे जमावे.) ते टाळायला उंबरठा कडक करावा, तर खरे प्रवासी अडू लागतात. न थांबता चालत जाण्याच्या सोयीची ही किंमत आहे.

ती सगळे सारखी मोजत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ मध्ये तपासलेल्या प्रणालींत आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांच्या चुकीच्या जुळण्या गोऱ्यांच्या तुलनेत अनेकदा दहा ते शंभर पट निघाल्या. विटा वाहणाऱ्या हातांचे ठसे झिजतात. ब्रिटनच्या सीमेवरील फाटके दहा-अकरा वर्षांच्या मुलांना २०२३ मध्ये खुली झाली, तीही उंची किमान १२० सेंटिमीटर असेल तरच.

एका विमानतळावर आमच्या पुढच्या आजींना फाटकाने तीनदा नाकारले. चौथ्यांदा त्यांनी चष्मा काढला, पदर सारखा केला, जणू चूक त्यांचीच होती. शेवटी त्यांना दूरच्या रांगेच्या टोकाला पाठवले गेले. बाजूचे दार आणि तेथला माणूस रचनाकाराला शेवटी सुचलेला दिसत होता. ७ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या विमानतळांवरील फाटके एकाच वेळी बंद पडली, तेव्हा तासन्‌तास रांगा लागल्या आणि काम करायला माणसेच होती.

शाळेच्या दारावर असे यंत्र बसवायला कोणी आले, तर त्याला सेकंद विचारू नयेत. उंबरठा कोठे ठेवला आहे, आपल्या मुलांपैकी किती रोज चुकून अडतील, हे किती वयाच्या मुलांवर मोजले आणि अडलेल्या मुलाने कोणत्या दाराने वर्गात जायचे, एवढे विचारावे.