दोन बाण आणि आठ कारणे : सल्ल सुत्त व सीवक सुत्त यांचे एकत्र वाचन

संयुत्त निकायाच्या सळायतन वग्गात 'वेदना संयुत्त' हे प्रकरण आहे. त्यातील सल्ल सुत्त आपल्या समाजात चांगलेच परिचित आहे. वर्षावासातील प्रवचनांत आणि ध्यान शिबिरांत त्यातील दोन बाणांचा दृष्टांत वारंवार सांगितला जातो. त्याच संयुत्तातील सीवक सुत्त मात्र क्वचितच वाचले जाते. ही दोन सुत्ते परस्परांपासून तोडून वाचल्यास शारीरिक वेदनेविषयीची भगवान बुद्धांची भूमिका अर्धीच हाती लागते, आणि ज्यांच्या वाट्याला वेदना अधिक आली आहे त्यांना ही अर्धी भूमिका हितकारक ठरत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. पालीतील 'वेदना' म्हणजे सुखद, दुःखद किंवा असुखद-अदुःखद असा कोणताही अनुभव. मराठीत या शब्दाचा अर्थ 'पीडा' एवढाच उरला आहे. पाली शब्द तसाच ठेवून केलेल्या अनुवादात वाचकाची फसगत होते ती येथे. शिवाय मराठीत आपण दुखणे 'भोगतो'. 'भोग' या शब्दाला पूर्वकर्माचा वास आहे. म्हणजे सुत्त वाचण्यापूर्वीच भाषेने आपल्या कानात एक उत्तर सांगून ठेवलेले असते.

सल्ल सुत्ताचा आशय असा : अशिक्षित पृथग्जनाला शरीराची पीडा झाली की तो शोक करतो, आक्रंदतो, त्याला जणू एकामागून एक दोन बाण लागतात. श्रुतवान आर्यश्रावकाला एकच बाण लागतो, शरीराचा. मनाचा बाण त्याला लागत नाही. प्रवचनकारांचा भर या दुसऱ्या बाणावर असतो व तो योग्यही आहे. परंतु एक गोष्ट निसटते. पहिला बाण लागलाच नाही असे सुत्त म्हणत नाही आणि तो रुतू द्यावा असेही म्हणत नाही. पहिल्या बाणाचे काय करावे हा या सुत्ताचा विषयच नाही. त्याच्या मौनालाच उपदेश मानून 'सहन करा' एवढाच बोध काढणे ही वाचनातील चूक आहे.

पहिल्या बाणाविषयी सीवक सुत्त बोलते. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, माणूस जे जे सुख-दुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात; आपले मत काय? उत्तरात भगवान आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिहींचा संनिपात, ऋतूतील बदल, विषम परिहार म्हणजे शरीराची अयोग्य निगा, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. यांपैकी प्रत्येक कारणाने वेदना उत्पन्न होते, हे स्वतःला जाणता येते आणि जगालाही ते मान्य आहे. म्हणून सर्व काही पूर्वकर्मामुळेच असे म्हणणारे स्वानुभवाचे व लोकमान्य सत्याचे उल्लंघन करतात.

येथे दोन दक्षता घेतल्या पाहिजेत. पित्त-वात-कफ ही त्या काळच्या वैद्यकाची परिभाषा आहे. तीत आजचे विज्ञान शोधण्याचा खटाटोप करू नये. दुसरे, कर्मविपाक सुत्तातून वगळलेला नाही. तो आठांपैकी एक आहे. मिलिंदपञ्हात नागसेन हीच आठ कारणे सांगून, कर्मविपाकाने होणारी वेदना थोडी आणि इतर कारणांनी होणारी अधिक, असा निर्वाळा देतो. सुत्ताचे खरे मोल यादीत नसून पद्धतीत आहे : आधी जाणता येण्याजोगे कारण शोधा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्मसिद्धांताची कठोर चिकित्सा आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज त्या सिद्धांताचा दुसरा हेतू बाबासाहेबांना दिसत नाही. सीवक सुत्ताला जोडून हे विवेचन वाचले की त्याची धार शरीराच्या दुखण्यापर्यंत पोहोचते.

आपल्या खानदेशात याची कसोटी लागते ती सिकलसेलच्या आजारात. धुळे जिल्ह्यातील शिरपूर व साक्री, जळगावातील चोपडा, यावल व रावेर, आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, या सातपुडा-सह्याद्रीच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी आदिवासींत हा आजार आहे. विदर्भात आपल्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. बाहेर जखम नाही, सूज असेलच असे नाही. म्हणून घरचे म्हणतात सोंग, गाव म्हणते बाधा, आणि शहाणे म्हणतात प्रारब्ध.

जन्मतःच आलेला, निरपराध बालकाला छळणारा हा आजार पूर्वकर्मवाद्याला आयता पुरावा वाटेल. पण कारण जाणता येते. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखवले. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाग्रस्त रानपट्ट्यांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. यात पाप कोठे आहे? कळा उठतात त्या थंडीने, ताप आल्याने, पाणी कमी पडल्याने, अतिश्रमाने. ऋतुबदल आणि विषम परिहार ही सुत्तातील कारणे येथे आपोआप आठवतात. उन्हातान्हात मजुरी करणाऱ्या रुग्णाला पाणी आणि विसावा न मिळणे ही परिहारातील विषमता समाजाने निर्माण केलेली आहे. ती दूर करता येते. रक्ततपासणी, हायड्रॉक्सियुरियासारखे औषध, विवाहापूर्वी वाहकांना सल्ला, हे उपाय उपलब्ध आहेत. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवून २०२३ साली राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे.

विनयातील महावग्गही याच दिशेने बोलतो. अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले. तेथेच शुश्रूषा सुकर करणाऱ्या रुग्णाचे एक लक्षण दिले आहे : आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे, हे तो खरेपणाने सांगतो. याचा अर्थ शुश्रूषा करणाऱ्याने ते ऐकून घेतले पाहिजे. न दिसणारी कळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे हा शुश्रूषेचा आरंभ आहे.

चाळीसगावाहून जवळ असलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत मगिल नावाच्या राजवैद्याच्या दानाचा लेख आहे. आपल्या परिसरातील प्राचीन धम्मजीवनात वैद्य परका नव्हता. आज विहारात सल्ल सुत्त सांगताना त्यासोबत सीवक सुत्त सांगावे आणि त्याच आवारात रक्ततपासणीचे शिबिरही भरवावे. मनाचा बाण ज्याचा त्याने टाळावयाचा आहे. शरीराचा बाण उपसण्यासाठी मात्र इतरांचे हात लागतात.