न पाठवलेला अहवाल

मंडळी, रिसोडला काय, वाशीमला काय, जयंतीच्या भाषणांत बाबासाहेब घटनाकार म्हणूनच येतात. आज आम्हाला बोलायचंय ते कायद्याच्या प्राध्यापकाबद्दल. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते शिकवत, १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले. मात्र त्यांचा एक धडा आपण अर्धाच वाचलाय, असं आम्हाला वाटतं.

जात म्हणजे वंश का? १९१६ च्या कोलंबियातल्या निबंधापासून त्यांचं उत्तर एकच : नाही. जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग, आणि कडी म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर त्यांनी नाकांच्या मापांचे आकडे मांडून दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत. (ते मापशास्त्र आज कुणी मानत नाही, ते सोडा.)

आणि हाच माणूस १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहितो. तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती पाठवा, आमचे अस्पृश्यही त्याच विचारात आहेत! यात विसंगती आहे का? आम्हाला नाही वाटत. रक्त एक असलं तरी जन्मावरून माणूस तुडवला जातो, आणि कायद्यानं बघायचं ते तुडवणं.

अर्जासाठी अहवाल तयार झाला, पण गेला नाही. मंत्रिमंडळ सोडतानाच्या १९५१ च्या निवेदनात ते सांगतात, की घटना समितीला, पुढच्या संसदेला आधी संधी द्यावी असं वाटलं. आधी घरच्या दारात दाद मागा, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचाच नियम. पण दाद मिळाली नाही, जुनाच जुलूम चालूय, हेही त्याच निवेदनात आहे. मग अहवाल तेव्हा तरी पाठवायला हवा होता. आमची तक्रार आहे ती इथं.

१९५० ला औरंगाबादेत त्यांनी कॉलेज काढलं, आजचं मिलिंद. शिकलेली पोरं पुढं बोलू लागली. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा भारत सरकारनं म्हटलं, जात म्हणजे वंश नव्हे. वाक्य बाबासाहेबांच्या पुस्तकातलं वाटावं असं! कार्यकर्त्यांची वाट मात्र त्यांच्या पत्रातली. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या करारात वंश, रंग यांच्याबरोबर ‘जन्मकुळ’ही आहे, त्यात जात येते, हे करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं २००२ मध्ये लेखी सांगितलं.