एका संथ जलप्रवासाची भाषा : रोल्ट यांच्या ‘नॅरो बोट’चा विचार

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना प्रवाशाची दृष्टी, स्थलवर्णनाची यथार्थता आणि शैलीचे लालित्य ही तीन मापे सामान्यतः वापरली जातात. एल. टी. सी. रोल्ट यांचा १९४४ साली प्रसिद्ध झालेला ‘नॅरो बोट’ हा ग्रंथ या तिन्ही मापांना उतरतो. त्याची लोकप्रियताही त्यामुळेच टिकली आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला या ग्रंथात आणखी एक गोष्ट आढळते. ज्या समाजाचे जीवन त्यात वर्णिले आहे, तो समाज स्वतः लिहिणारा नव्हता. त्याचे शब्द या ग्रंथाद्वारे छापील इंग्रजीत आले, रूढ झाले, आणि पुढे निराळ्याच लोकांच्या तोंडी गेले. एखाद्या बोलीचे जतन करणारे पुस्तक तिच्या स्थलांतरालाही कारण होऊ शकते काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने या ग्रंथाचा विचार करावयाचा आहे.

ग्रंथाचा विषय थोडक्यात असा. रोल्ट (१९१०–१९७४) हे शिक्षणाने व व्यवसायाने अभियंते. २७ जुलै १९३९ रोजी ते आपल्या पत्नीसह ‘क्रेसी’ नावाच्या नावेतून बॅनबरी येथून निघाले. नावेची दुरुस्ती व रंगकाम तेथील टूली यांच्या नौकाकारखान्यात झाले होते. ऑक्सफर्ड कालव्यावरून निघून लेस्टर, ट्रेंट नदीचे खोरे, ट्रेंट अँड मर्सी कालवा असे करीत सुमारे ४०० मैलांचा हा प्रवास झाला. प्रवास चालू असतानाच, ३ सप्टेंबर रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले. ताशी तीन मैलांच्या गतीने चाललेल्या या वर्णनावर युद्धाची छाया पडते आणि त्यामुळे ग्रंथातील संथपणाला केवळ विरंगुळ्याचे स्वरूप राहत नाही.

येथे मराठी वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘कालवा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेताला पाणी नेणारा पाट उभा राहतो. मुठा किंवा नीरा यांचे कालवे हेच आपले उदाहरण. त्या कालव्यात पाणी हाच माल असतो. इंग्लंडातील कालव्यात पाणी हा रस्ता असतो, माल नावेत असतो. १७६१ साली ब्रिजवॉटर कालव्यावरून कोळसा मँचेस्टरकडे जाऊ लागला आणि त्यानंतर देशभर कालवे खणले गेले. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी जी अरुंद ‘लॉके’ योजिली, ती सुमारे सात फूट रुंद व बहात्तर फूट लांब होती. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. त्यात पाणी भरून वा सोडून नाव वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेता येते. ‘कुलूप’ या शब्दाने त्याचा बोध होत नाही. संस्कृत घडणीचा ‘जलपाश’ हा शब्द अर्थ सांगतो, पण त्याला कोणा नावाड्याचा स्पर्श झालेला नाही. या हौदाच्या मापानेच नावेचे माप ठरले आणि पुढे माणसांच्या घराचेही. रेल्वेच्या स्पर्धेमुळे मजुरी उतरली, तेव्हा नावाडी आपले कुटुंबच नावेवर घेऊन राहू लागले. नावेच्या मागच्या टोकाशी असलेली, लांबीला दहा फूटही न भरणारी कोठडी हा त्यांचा संसार. उरलेल्या लांबीत पंचवीस-तीस टन माल.

रोल्ट यांची ‘क्रेसी’ ही मुळात अशीच मालवाहू नाव होती. आणि तीही ‘फ्लाय बोट’ या जातीची. नाशवंत वा तातडीचा माल घेऊन, घोडे बदलीत, रात्रंदिवस धावणाऱ्या नावेला हे नाव असे. घाईसाठी बांधलेल्या नावेत मालाच्या जागी घर थाटून लेखकाने निवांतपणा शोधला, यातील विसंगती लक्षणीय आहे. ज्या पाण्यावर लेखक सावकाश चालला होता, त्याच पाण्यावर शेजारून जाणाऱ्या नावाड्याला सावकाशी परवडणारी नव्हती, कारण त्याची मिळकत खेपांवर अवलंबून होती. दोघांच्या नावांची गती जवळजवळ सारखी. मात्र एकाच्या बाबतीत ती निवड होती, दुसऱ्याच्या बाबतीत ती साधनाची मर्यादा. ग्रंथात या भेदाची जाणीव आहे, पण ती क्वचितच वाक्यरचनेपर्यंत पोहोचते. लेखक नावाड्यांना भेटतो तो लॉकाशी, धक्क्यावर, गुत्त्यात. म्हणजे काम थांबलेले असते तेथे. साहजिकच त्यांचे बोलणे कामातल्यापेक्षा विसाव्यातले अधिक ऐकू येते.

तरीही शब्दांच्या बाबतीत रोल्ट यांचा कान तीक्ष्ण आहे. नावाडी कालव्याला ‘कनॅल’ न म्हणता ‘कट’ म्हणतात. नदी असते, कालवा कापावा लागतो. खोदणाऱ्यांच्या श्रमाची आठवण त्या एका अक्षरात राहिली आहे. खोदणारा मजूर तो ‘नॅव्ही’. जलमार्गाला ‘नॅव्हिगेशन’ म्हणत, तो खणणारा ‘नॅव्हिगेटर’, आणि त्याचा संक्षेप होऊन हा शब्द झाला. पुढे तो रेल्वेच्या मजुरालाही लागला. इंजिनाच्या नावेमागे ओढली जाणारी बिनइंजिनाची नाव ही ‘बटी’, म्हणजे सोबतीण. स्वतःच्या मालकीची नाव चालविणारा तो ‘नंबर वन’. काठावर उभे राहून नावांकडे टकमक पाहत राहणाऱ्या रिकामटेकड्याला ‘गाँगूझलर’ हा शब्द आहे. तो डी सॅलिस यांच्या १९०४ च्या जलमार्गकोशात नोंदलेला होता. परंतु कोशातून बाहेर काढून त्याला सर्वतोमुखी करण्याचे श्रेय मुख्यतः रोल्ट यांच्या ग्रंथाकडे जाते. नावाचीही तीच गोष्ट. लंडनच्या बाजूला याच नावेला ‘मंकी बोट’ म्हणत, सेव्हर्नच्या बाजूला ‘लाँग बोट’. ग्रंथाचे शीर्षक झाल्यामुळे ‘नॅरो बोट’ हे नाव प्रमाण ठरण्यास मोठे साह्य झाले.

या सर्वांत एक शब्द विशेष बोधप्रद आहे. लांब नाव वळविण्यासाठी कालव्याला ठिकठिकाणी जो रुंद फुगवटा दिलेला असतो, त्याच्या नावातील पहिल्या शब्दाचा उच्चार नावाडी ‘विंडिंग’ असा, वाऱ्याच्या ‘विंड’प्रमाणे ऱ्हस्व करीत आले आहेत. वळणे या अर्थाच्या ‘वाइंड’ या क्रियापदाचे लेखन इंग्रजीत अक्षरशः तेच आहे. त्यामुळे नकाशात किंवा पुस्तकात हा शब्द प्रथम पाहणारा मनुष्य ‘वाइंडिंग’ म्हणतो, आणि तेवढ्यावरून तो बाहेरचा ठरतो. नावाड्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या लेखी ध्वनी हेच प्रमाण. सहलीसाठी आलेल्यांना शब्द लिपीतून मिळाला. एकच लेखन, दोन उच्चार, आणि मध्ये दोन वर्गांचे अंतर. छापील ग्रंथ शब्द वाचवितो तेव्हा त्याचे रूप वाचते, उच्चार वाचेलच असे नाही, हे तत्त्व याहून स्पष्टपणे क्वचितच दाखविता येईल.

ग्रंथाच्या सामाजिक दृष्टीविषयीही बोलले पाहिजे. रोल्ट यांच्या आधी या समाजाविषयी लिहिणाऱ्यांत कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ प्रमुख. त्यांच्या १८७५ सालच्या पुस्तकात नावाड्यांचे अज्ञान, गर्दी आणि अनारोग्य यांचे काळेकुट्ट चित्र आहे. त्यातून १८७७ व १८८४ चे कायदे झाले. रोल्ट यांचे चित्र याच्या उलट. त्यांना दिसते ती नीटनेटकी कोठडी, दारावर रंगविलेले गुलाब आणि किल्ले, चकचकीत पितळ, आणि यंत्रयुगाने न बिघडविलेला स्वाभिमानी कारागीर. स्मिथ यांना नावाडी सुधारावयाचा होता, रोल्ट यांना तो जपावयाचा होता. दोघांच्याही लेखनात त्याने स्वतः काय इच्छिले हे गौणच राहते. स्मिथ यांच्यापेक्षा रोल्ट यांची दृष्टी अधिक सहृदय आहे यात शंका नाही. पण सहृदयता म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे.

या मर्यादेची कल्पना एमा स्मिथ यांच्या ‘मेडन्स ट्रिप’ (१९४८) या पुस्तकाशी तुलना केल्यास येते. युद्धकाळात मालवाहतुकीसाठी शिकाऊ म्हणून घेतलेल्या तरुण स्त्रियांपैकी लेखिका एक. लंडनहून बर्मिंगहॅमला पोलाद आणि परत येताना कोळसा, हे त्यांचे काम. तीही मध्यमवर्गीयच, पण तिच्या पुस्तकात ‘बटी’ ही व्याख्या करून सांगण्याची वस्तू राहत नाही, ती दोर चुकला तर अंगावर येणारी वस्तू असते. रोल्ट शब्दाचा अर्थ सांगतात. एमा स्मिथ शब्द वापरतात. स्थलवर्णनात, शांततेच्या चित्रणात आणि विचारांच्या व्याप्तीत रोल्ट यांचा ग्रंथ निःसंशय सरस आहे. बोलीचा पुरावा म्हणून मात्र दुसऱ्या पुस्तकाकडे वळावे लागते.

‘नॅरो बोट’चा परिणाम असाधारण झाला. तो वाचून रॉबर्ट एकमन यांनी लेखकाशी संपर्क साधला, १९४५ साली टार्डबिग येथे दोघांची भेट झाली आणि १९४६ साली ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. पुढे दोघांत मतभेद झाले. कालवे वाचवावयाचे ते कष्ट करणाऱ्या नावाड्यांसाठी की सर्व तऱ्हेच्या उपयोगासाठी, हा त्यामागील महत्त्वाचा प्रश्न होता. १९५१ साली रोल्ट संस्थेबाहेर पडले. कालव्यांचे राष्ट्रीयीकरण १९४८ साली झाले होते. १९६२–६३ च्या कडक हिवाळ्यात पाणी गोठून वाहतूक अनेक आठवडे थांबली आणि उरलासुरला मालवाहू व्यवसाय जवळजवळ संपला. १९६८ च्या कायद्याने अनेक जलमार्गांचा सहलीचा उपयोग अधिकृतपणे मान्य केला. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे २००० मैलांचे जलमार्ग एका धर्मादाय न्यासाकडे आहेत. पाणी वाचले, पूल वाचले, लॉके वाचली; ज्यांच्यामुळे लेखकाला हे सारे प्रिय झाले होते, त्यांचा व्यवसाय वाचला नाही. या बदलाची खूण लेखनातही उमटली आहे: जुन्या मालवाहू नावेसाठी ‘नॅरो बोट’ असे दोन शब्द आणि सहलीच्या नव्या नावेसाठी ‘नॅरोबोट’ असा एक शब्द, असा संकेत जाणकार पाळतात. मधल्या त्या कोऱ्या जागेत एका व्यवसायाचा अंत नोंदला गेला आहे.

याचा दोष ग्रंथाला द्यावा काय? तसे करणे अन्यायाचे होईल. नावाड्यांचा धंदा रेल्वेने, मोटारमार्गांनी आणि हिमाने संपविला, पुस्तकाने नव्हे. किंबहुना हा ग्रंथ नसता तर कित्येक कालवे बुजविले गेले असते आणि शब्दांना टेकायला काठही उरला नसता. परंतु टीकाकाराने एवढे नोंदविणे अवश्य आहे की, रोल्ट यांनी वाचकाला ज्या निवांतपणाची गोडी लावली तो पाहुण्याचा निवांतपणा होता, आणि त्यांच्या ग्रंथाने जो वारसा निर्माण केला तो यजमानांपेक्षा पाहुण्यांच्याच वाट्याला आला. ग्रंथ थोर आहे. तो आपला स्वतःचा परिणाम कल्पू शकला नाही, हे त्याच्या थोरपणाला बाधक नाही.

मराठी अभ्यासकाला यातून घेण्यासारखे आहे. आज ‘सुकाणू’ हा शब्द आपल्या कानी पडतो तो बहुधा राज्याच्या किंवा समितीच्या संदर्भात; तांडेलाच्या हातातील सुकाणू त्यामागे दिसत नाही. शब्द जिवंत आहे, पण तो दुसऱ्या घरी नांदतो आहे. किनाऱ्यावरील नौकाव्यवसायाचे शब्द गोळा करणाराने केवळ याद्या करू नयेत. कोणता शब्द कोण, कोणत्या कामाच्या वेळी, कशा उच्चाराने वापरतो, हे काम चालू असतानाच टिपले पाहिजे. ‘नॅरो बोट’मधून मिळणारा हा धडा त्यातील स्थलवर्णनाइतकाच मोलाचा आहे.